करवंदांचा जाम आणि माझा नकाशा

माणूस भावाचा हेवा करतो, शेजाऱ्याचा करतो, बरोबरीच्या नोकरदाराचा करतो. मी माझ्या बायकोचा हेवा केला, आणि तोही जामाच्या एका बरणीवरून. हे कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. आता सांगतो, कारण ज्यांच्यापुढं लाज वाटली असती ती माणसं राहिली नाहीत.

मी तेव्हा येडशीच्या शाळेत मास्तर होतो. राज्य निजामाचं होतं आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती. ती आम्हाला दिसत नव्हती, पण साखर, रॉकेल आणि कापड मिळेनासं झालं की तिची आठवण यायची. शाळा चौथीपर्यंत आणि शिकवणारा मी एकटा. घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी. बायकोला अक्षरओळख नव्हती. तिच्या माहेरी मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती, आणि लग्नानंतर मीही कधी मनावर घेतलं नाही. मास्तर असून घेतलं नाही, हेही लिहून ठेवतो.

जामाचं खूळ मीच घरात आणलं. मास्तरकीच्या ट्रेनिंगला मी वर्षभर हैदराबादला होतो. तिथं बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी आम्हा चार-पाच जणांना एकदा चहाला बोलावलं आणि डबलरोटीला लावून एक लालभडक पदार्थ खायला घातला. आयुष्यात एकदाच खाल्लेली ती वस्तू. पण गावी आल्यावर मी तिच्याबद्दल असा बोलायचो, की जणू रोज न्याहारीला तीच असायची.

बायको ऐकून घ्यायची आणि मग एकेक विचारायची.

"त्यात फोडी असत्यात का?"

"न्हाय."

"मग रस म्हणा की."

"रस न्हाय. चमच्यावर उभा राहतो तो. वाहत न्हाय."

"कशाचा करत्यात?"

"कसल्या तरी आंबट फळाचा. लाल."

तिनं पुढं काही विचारलं नाही. वैशाख लागला तशा रामलिंगाच्या डोंगरातून तांड्यावरच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन गावात आल्या. आमच्याकडं करवंद म्हणजे पोरांनी द्रोणातून खायचं आणि ओठ काळे करून घ्यायचं फळ. फार तर कच्च्याचं लोणचं. त्याला कुणी साखर लावत नव्हतं. बायकोनं मात्र एका बाईकडून अर्धी पाटी घेतली आणि चुलीवर पातेलं चढवलं.

पहिल्या खेपेला तिनं काळी, पिकलेली, गोड तेवढी निवडून घेतली होती. खूप आटवलं, पण शेवटी काकवीसारखं वाहतच राहिलं. मी म्हणालो, "हे असलं न्हाय ते." ती नुसती "हं" म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा पाटी आली. या वेळी तिनं निम्मी काळी घेतली आणि निम्मी अर्धवट पिकलेली, तांबडी, दात आंबवणारी. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "कच्च्याला चीक लई असतोय. हाताला कसा धरून बसतोय बघा. पातेल्यातबी धरून ठेवंल."

ते खरं ठरलं. करवंदं धुऊन, देठं काढून, थोड्या पाण्यात शिजवायची. शिजली की धोतराच्या फडक्यातून चोळून काढायची म्हणजे बिया आणि साली मागं राहतात. मग त्या रसात साखर घालून पातेलं पुन्हा चुलीवर. पातेल्याची कल्हई गेलेली असली तर सगळं कळकतं, म्हणून तिनं आधी कल्हईवाल्याला गाठून ते उजळून घेतलं होतं. ती मधूनमधून थाळीवर एक थेंब टाकायची आणि थाळी तिरकी करायची. थेंब पळाला तर अजून आटवायचं. पळायचा थांबला, बोटानं ढकलल्यावर त्याच्या अंगावर सुरकुती पडली, की पातेलं खाली. रंग तर असा यायचा, की बरणी खिडकीत ठेवली म्हणजे भिंतीवर लाल उजेड पडायचा.

मी चाखला. हैदराबादेत खाल्लेल्यापेक्षा तो चांगला होता. हे मला त्याच क्षणी कळलं, पण मी म्हणालो, "जमलाय जवळपास."

गावात जाम म्हटल्यावर लोकांना पेरू वाटायचा, कारण आमच्याकडं पेरूला जांब म्हणतात. "मास्तर, जांबाचं काय केलंय म्हणं घरात?" असं विचारायचे. मग चव घेतली, की गप्प व्हायचे आणि वाटी पुढं करायचे. आधी स्टेशनमास्तरांनी खाल्ला. ते गार्डाला सांगून कुर्डुवाडीहून पाव मागवायचे, त्यामुळं जामाला लावायला पाव फक्त त्यांच्याच घरी असायचा. त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगितलं. दोन वर्षांत असं झालं, की बार्शीच्या गाडीतून उतरणारे अनोळखी लोक मला विचारू लागले, "तुम्हीच ना ते जामवाले मास्तर?"

मी हसून हो म्हणायचो. पण घरी येईपर्यंत ते शब्द खड्यासारखे टोचत राहायचे. बारा वर्षं उर्दू शिकलो होतो, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहीत होतो. गावात तार आली तरी माझ्याकडं यायची, अर्ज लिहायचा असला तरी माझ्याकडं. आणि आता मी जामवाला. बायको मात्र यातलं काही मनावर घेत नव्हती. कुणी तारीफ केली, की ती पदर सावरून म्हणायची, "करवंदांचाच गुण हाय, माझं काय त्यात." तिच्या या बोलण्याचा मला आणखी राग यायचा. तिनं मिरवलं असतं तर मला तिला बोलायला तरी जागा मिळाली असती.

त्याच वर्षी मी नकाशा करायला घेतला. आमच्या तालुक्याचा नकाशा शाळेत नव्हता. मी मांजरपाटाचं कापड खळ लावून ताणलं, त्यावर कागद चिकटवला आणि दोन महिने खपून तालुका काढला. बालाघाटाचे डोंगर तपकिरी, नद्या निळ्या, रेल्वेची रूळरेघ काळी. गावांची नावं वर उर्दूत, खाली बाळबोध. रामलिंगाच्या देवळापाशी मी चिमुकला धबधबासुद्धा काढला होता. श्रावणात तालीमातचे मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा तपासणारे बडे अधिकारी, येणार होते. ते नकाशा बघतील, मला जिल्ह्याच्या शाळेत घेतील, असं मी मनात सगळं पुढचं ठरवून ठेवलं होतं.

आणि साहेबांना चहाबरोबर जाम द्यायचा हेही मीच ठरवलं. तो बायकोचा हट्ट नव्हता. खेड्यातल्या मास्तराला शहरातली रीत ठाऊक आहे, हे त्यांना दिसावं एवढाच माझा हेतू. स्टेशनमास्तरांकडून पाव आणून ठेवला.

साहेब आले, वर्ग पाहिला, पोरांना दोन-तीन गोष्टी विचारल्या. मग मी टेबलावर नकाशा उलगडला. ते वाकून बघू लागले, बोट बार्शीकडच्या रेघेवरून येडशीपर्यंत आलं, आणि तेवढ्यात शिपायानं चहाचं तबक आणलं. ठेवायला जागा नव्हती. साहेबांनी जामाची बशी उचलून सरळ नकाशावर ठेवली, तीही डोंगरांवर, आणि पावाचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

"अरे मास्टरसाब! ये क्या चीज है?"

"जाम आहे, साहेब. करवंदांचा."

"करवंदे का? ये तो हैदराबाद में भी नहीं मिलता. किसने बनाया?"

मी सांगितलं. ते आणखी एक तुकडा बुडवत म्हणाले, "कमाल के हाथ हैं. हमारी बेगम को खिलाना पड़ेगा." मग नकाशाचं काय, तर बशी उचलली तेव्हा तिच्या बुडाचं लाल कडं बालाघाटावर उमटलं होतं. साहेबांनी ते पाहिलंही नाही. "अच्छा है, अच्छा है," म्हणत त्यांनी नकाशा स्वतःच गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. जाताना एक बरणी बरोबर नेली.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"काय म्हणणार? बघून गेले."

"जाम खाल्ला का?"

"खाल्ला."

ते लाल कडं मी ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर डोंगरांचा तपकिरी रंगच फिस्कटला. तसाच वाळवून ठेवून दिला.

दिवाळीच्या सुमाराला साहेबांचं पत्र आलं. उर्दूत, सरकारी कागदावर. मी ओट्यावर बसून वाचलं. लिहिलं होतं की, मार्गशीर्षात धाराशिवला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरणार आहे, त्यात बायकांच्या हस्तकलेचा आणि पाककलेचा वेगळा विभाग आहे. तुमच्या घरातून करवंदांच्या जामाच्या चार बरण्या याव्यात. बेगमसाहेबांची इच्छा आहे की, करणाऱ्या बाईंनी स्वतः यावं, कसा करतात ते इतर बायकांना दाखवावं. उतरायची सोय आमच्या घरी, जनान्यात होईल. खाली सही. नकाशाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी कागद उलटून मागची बाजूही बघितली.

बायको पिठाचे हात घेऊन दारात आली. "सरकारी हाय व्हय? काय लिवलंय?"

मी कागदाकडं बघत म्हणालो, "शाळेला लिहायचे दोन फळे आणि खडूची पेटी मंजूर झालीय."

"आन जामाचं?"

"काही न्हाय."

"एक बरणी नेली व्हती की त्यांनी. बेगमला द्यायला."

"लिहिलं न्हाय काही."

तिनं हातावरचं पीठ झाडलं. मग म्हणाली, "आवडला नसंल त्यांना. आंबट लई झाला होता औंदा. साखर कमी मिळाली ना." आणि आत गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना उत्तर लिहिलं, की घरात प्रकृती ठीक नसल्यानं येणं होणार नाही, क्षमा असावी. चांगला बोरू काढून, ओळी आखून लिहिलं. मी लिहीत असताना बायको मुलीला हाताशी धरून मागं येऊन उभी राहिली. मुलीला म्हणाली, "बघ, तुझ्या बापाचं अक्षर किती देखणं हाय. मोत्यावानी."

बोरू माझ्या हातात थांबला. पण मी पत्र पुरं केलं.

पुढच्या वैशाखात तांड्यावरची बाई पाटी घेऊन दारात आली, तेव्हा बायकोनं तिला परत पाठवलं. स्टेशनमास्तरांनी पाव मागवून ठेवला होता, त्यांनी निरोप धाडला. तिनं सांगितलं, "मोठ्या माणसांना पसंत पडला न्हाय तो. चुकतंय कुठंतरी माझं. आता नको." मी तिथंच बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. पण तेव्हा मला स्टेशनवर जामवाला म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते मला गोड लागत होतं. डोंगरात करवंदं पिकली आणि गळून गेली.

श्रावणात साहेब पुन्हा आले. या खेपेला तपासणी नव्हती. बेगमसाहेबांना रामलिंगाचा डोंगर आणि धबधबा बघायचा होता, म्हणून कुटुंबासह आले होते. परत जाताना मोटार आमच्या दारात थांबली. बुरखा घेतलेल्या एक वयस्कर बाई उतरून सरळ आमच्या घरात गेल्या. मी आणि साहेब बाहेर बाजेवर बसलो. आतल्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. साहेब पावसाबद्दल काहीतरी सांगत होते, आणि माझे कान मागं लागले होते.

बेगम विचारत होत्या, "अब तबीयत कैसी है, बेटी? पिछले साल तुम आई नहीं."

आमच्या भागातल्या बायकांना दखनी समजते, थोडीफार बोलताही येते. बायको म्हणाली, "कहां आना था, अम्मा?"

"नुमाइश में. मैंने ही तो खत लिखवाया था. जवाब आया कि घर में बीमारी है. मैं तो सबको बोलती फिर रही थी कि जाम वाली आने वाली है."

साहेब मला काय विचारत होते ते मला समजलं नाही, मी नुसती मान हलवत राहिलो. शेवटी बायकोचा आवाज आला. नेहमीसारखाच.

"हां अम्मा. ताप था. अब अच्छी हूं."

तिनं मला वाचवलं असं वाटून मी सैल झालो. पण लगेच पुन्हा ताठ बसलो. कारण ती बाहेर यायची होती.

पाहुणे गेले. तिनं मुलीला निजवलं, कपबशा विसळल्या, आणि मग पत्र्याची पेटी उघडली. सरकारी कागद फेकायचा नसतो एवढं तिला माहीत होतं, म्हणून माझ्याकडं आलेला प्रत्येक कागद ती त्या पेटीत ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखता येत होता. तिनं तोच काढला आणि माझ्यापुढं धरला.

"वाचा."

"आता काय वाचायचं..."

"जे लिवलंय ते वाचा. उभं ऱ्हाऊन वाचा, शाळंत वाचता तसं."

मी उभा राहिलो आणि वाचलं. बरण्या चार. करणाऱ्या बाईंनी स्वतः यावं. उतरायची सोय आमच्या घरी. ती कागदाकडं बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"यात खडू कुठं हाय?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"मी वर्षभर मनात म्हणत व्हते, काय चुकलं, काय चुकलं. साखर कमी पडली, का चीक ऱ्हायला, का पातेलं कळकलं. रोज तेच. तुम्ही समोर बसून जेवत होता." तिचा आवाज चढला नाही. "कशापायी केलं हे?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "त्यांनी बशी माझ्या नकाशावर ठेवली."

"बशी मी ठेवली व्हती का?"

"न्हाय."

"मग माझ्यावर का डूख धरला? तुमचा नकाशा मी वाळत घातला, त्याच्यावर माशी बसू दिली न्हाय. तुमचं चांगलं झालं असतं तर मी गावभर सांगितलं असतं. माझं जरा चांगलं झालं तर तुमच्या पोटात दुखलं."

तसं सरळ मला कुणी बोललं नव्हतं. आणि त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. ती त्यानंतर पंधरा-वीस दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण मी घरात शिरलो की तिचं गुणगुणणं थांबायचं.

पुढच्या वैशाखात तिनं पाटीवाल्या बाईला स्वतः हाक मारली. मला म्हणाली, "साखर आणा. पाच शेर लागंल. औंदा नुमाइशीला जायाचं हाय." रेशनवर तेवढी मिळत नव्हती. मी बार्शीला गेलो, तिथं इंग्रजी हद्दीत ओळखीच्या एका किराणावाल्याकडं दोन दिवस हेलपाटे घातले, आणि येताना नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं पिशवी उघडायला लावली तेव्हा त्याला सांगितलं, घरात औषधाला लागते. मग घरी येऊन करवंदांची देठं काढत बसलो. बोटं चिकानं एकमेकांना चिकटली. चीक काढायला तिनं तेल दिलं नाही, "घासा मातीनं," म्हणाली.

इथं कुणाला वाटेल की मी सुधारलो. तसं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून देठं काढत होतो आणि मनात म्हणत होतो, या वेळी नकाशाही न्यायचा. नुमाइशीत मास्तर लोकांच्या तक्त्यांचाही विभाग असतो हे मला कळलं होतं. डोंगर पुन्हा रंगवले. लाल कडं तपकिरीखालून थोडं दिसतच राहिलं.

मार्गशीर्षात आम्ही बैलगाडीनं धाराशिवला गेलो. गवतात गुंडाळलेल्या चार बरण्या तिच्या मांडीजवळ, नकाशाची गुंडाळी माझ्या खांद्याला, मुलगी दोघांच्या मधे. नुमाइशीच्या मैदानात बायकांचा विभाग कनात लावून वेगळा केला होता आणि दारावर पहारेकरीण बसवली होती. बेगमसाहेब स्वतः आल्या, बायकोचा हात धरून आत घेऊन गेल्या. मुलगीही गेली. मी बाहेर.

माझा नकाशा तक्त्यांच्या मांडवात एका कोपऱ्यात टांगला. मी तिथं दोन तास उभा होतो. लोक येत होते, कापसाच्या बोंडाचं चित्र बघत होते, मातीच्या किल्ल्याभोवती गर्दी करत होते. माझ्या नकाशापुढं एक म्हातारा थांबला, मला वाटलं बघतोय. त्यानं पायातला काटा काढला आणि गेला.

कनातीच्या पलीकडून मात्र बायकांचं हसणं येत होतं. मधेच भांड्याचा आवाज, मधेच बायकोचा. ती काहीतरी समजावून सांगत होती आणि बाकीच्या गप्प राहून ऐकत होत्या. पोरांपुढं मी बोलतो तेव्हा वर्गात होते तशी शांतता. मला शब्द ऐकू येत नव्हते. मी कनातीच्या कडेकडेनं फिरलो, एके ठिकाणी फट दिसली, तर पहारेकरणीनं हटकलं. मास्तर असून चोरासारखा हटकला गेलो. त्या दिवशी मला जेवढा हेवा वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. ती आत कशी दिसत असेल, कुठं बसली असेल, कुणाकडं बघून बोलत असेल, यातलं मला काही दिसणार नव्हतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती.

दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली. हातात एक सनद, वर सरकारी मोहोर. तिनं ती माझ्यापुढं धरली. "नीट वाचा."

मी वाचलं. पाककलेत पहिला क्रमांक. आणि पुढं माझं नाव, माझा हुद्दा, माझं गाव. त्याच्या घरचा जाम, असं.

"माझं नाव कुठं हाय?"

मी पुन्हा पाहिलं. "न्हाय. माझं घातलंय."

काय सांगू, ते नाव बघून एक क्षण मला आनंद झाला होता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, तिला तो दिसला असणार. ती म्हणाली, "तुम्ही काय केलं त्यात? देठं काढली." आणि सनद माझ्या हातातून घेऊन परत कनातीत गेली.

बराच वेळ लागला. आत कुणीतरी म्हणत होतं, की बायकांची नावं अशी चारचौघांत लिहीत नाहीत. मग बेगमसाहेबांचा आवाज आला, आणि दुसरा बंद झाला. बायको परत आली तेव्हा माझ्या नावावर आडवी रेघ होती आणि वर, वळणदार उर्दूत, दुसरं नाव लिहिलं होतं. बेगमसाहेबांच्याच हातचं.

"आता वाचा."

आमच्यात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. त्यानंतर "अगं" आणि "ऐकलंस का". मैदानात ओळखीची माणसं होती, येडशीचे दोघे-तिघे जवळच उभे होते. मी कागद घेतला. घसा साफ केला. आणि तिचं नाव मोठ्यानं वाचलं. इथं ते लिहीत नाही, हात होत नाही. पण तिथं वाचलं. आजूबाजूचे वळून बघायला लागले. ती लाजली नाही. मान डोलावून म्हणाली, "बरोबर. तेच हाय." आणि मुलीला चक्रीत बसवायला घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तिला आत काय काय झालं ते विचारत होतो. कोण कोण होतं, कुणी काय विचारलं, बेगम काय म्हणाल्या. ती काही सांगायची, काही नाही. "तुम्हाला काय करायचं सगळं?" म्हणायची. मी पुन्हा विचारायचो. ढोकीच्या फाट्याच्या अलीकडं तिला डोळा लागला.

पुढं निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीत साहेबांचं कुटुंब हैदराबादला निघून गेलं. माझी बदली परांड्याला झाली, सपाटीवर. तिकडं करवंदाची जाळी औषधाला नव्हती. तिथं मी मास्तर होतो आणि ती मास्तरीणबाई, आणि मी सुखात होतो. पहिल्याच हिवाळ्यात बाजारात बोरं आली, आंबट, लहान, तांबूस. तिनं पाटीभर आणून पातेलं चढवलं. दिवसभर आटवलं, थाळीवर थेंब टाकून टाकून बघितलं. थेंब पळतच राहिला. बोरात तो चीक नसतो.

मी दाराला टेकून बघत होतो. जमत नाहीये हे दिसलं तसं मला आतून बरं वाटलं. इतक्या वर्षांनीही वाटलं.

तिनं मान वर केली. "हसताय का?"

"न्हाय."

"हसताय." तिनं पळी पातेल्यात सोडली आणि पदरानं कपाळ पुसलं. "बसा आता, भाकरीसंगं खायचं हाय हे. आठ दिवस हेच."

मी पाट मांडून बसलो. ते पातळ, तांबूस, आंबटढाण काहीतरी तिनं माझ्या ताटात भरपूर वाढलं, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.